पूर्ण मापाची सायकल

ज्या दुकानात ‘इक्कीस गियर’ हे शब्द किमतीच्या आधी उच्चारले जातात, त्या दुकानातून उलट्या पावली बाहेर पडायचं, असं ठरवूनच मी घरून निघाले होते. पहिल्याच दुकानात ते कानावर आदळले तेव्हा माझा दुसरा पाय अजून पायरीखाली होता.

“आइए दीदी, आइए! इक्कीस गियर, डबल डिस्क, आगे शॉकर, पीछे शॉकर. पहाड़ पर चढ़ जाइए!”

“बनारस में पहाड़ कहाँ है?” मी विचारलं.

“तो सड़क कहाँ है?” तो म्हणाला.

उत्तर बरोबर होतं. म्हणून मला त्याचा जास्तच संशय आला.

सायकल मला हौसेसाठी नको होती. आमची एक समिती आहे. सात-आठ जण, एक खोली आणि पत्रकांचे गठ्ठे. पंचक्रोशीच्या रस्त्यावर कंदव्याच्या पुढे आत जी गावं आहेत, त्यांतले कितीतरी हापसे कोरडे आहेत आणि कागदावर मात्र चालू आहेत. घरोघरच्या बायकांना विचारायचं, फॉर्म भरायचा, सही किंवा अंगठा घ्यायचा आणि महिनाअखेर सगळा गठ्ठा अर्जाला जोडून कचेरीत द्यायचा, हे आमचं काम. त्यातली चार गावं माझी. दोन गावं मी मैत्रिणीच्या सायकलवर जवळजवळ पूर्ण केली. मग ती नोकरीसाठी पुण्याला गेली आणि जाताना सायकल विकून गेली. समितीत सगळ्यांत मोठ्या असलेल्या दीदींनी भर बैठकीत सांगितलं, “हफ़्ते भर में साइकिल लाओ. नहीं तो तुम्हारे गाँव मोटरसाइकिल वाले को दे दूँगी.”

मोटरसायकलवाला आमचाच कार्यकर्ता. तो गाडी बंद करत नाही. बसल्या बसल्या ओरडून विचारतो, “पानी आता है?” समोरची बाई पदर सावरून तोंड उघडेपर्यंत याची खूण करून झालेली असते. एका सकाळीत तीन गावं! मी विचारते, याला काम म्हणायचं? त्याच्या फॉर्मांत आणि कचेरीच्या कागदांत फरक काय राहिला? ती गावं मला त्याच्या हाती द्यायची नव्हती. पण शहराबाहेर गेलं की डांबर संपतं. पुढे उभ्या विटा रोवून केलेला खडंजा, त्याच्या पुढे कालव्याचा मातीचा बांध, आणि जिथे तिथे पाइपांसाठी खणून तसेच सोडलेले चर. साधी सायकल तिथे आठ दिवसांत खिळखिळी होते. म्हणून जाड टायरची डोंगरी सायकल, आणि तीही स्वस्तातली, कारण पैसे माझ्या शिकवण्यांचे होते.

इथे आमच्या घराविषयी सांगायला हवं. आम्ही रामघाटाजवळ राहतो. कित्येक पिढ्यांपूर्वी इथे येऊन स्थायिक झालेलं भिक्षुकाचं घर. बाबा महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांची कार्यं करतात. आमच्याकडे वस्तू विकत घेण्याची फारशी रीत नाही. त्या येतात. वर्षश्राद्ध झालं, तीर्थश्राद्ध झालं की यजमान दान देतो: गादी, उशी, छत्री, चपला, धोतर, तांब्या, हल्ली कधी पंखासुद्धा. आणि बाजारात दानाचा माल वेगळा मिळतो. दुकानदार विचारतोच, “घर के लिए, कि दान के लिए?” दानासाठी म्हटलं की वरच्या फळीकडे गेलेला त्याचा हात खालच्या फळीवर येतो. छत्री चौथ्यांदा उघडत नाही. तांब्या उजेडात धरला की बुडातून सूर्यदर्शन होतं. आणि सगळं आखूड. नऊ हात म्हणून घडी घातलेलं धोतर उलगडलं की साडेसात हात निघतं. गादी अशी, की सातवीतच माझे पाय बाहेर यायला लागले. मी पुढची सगळी वर्षं गुडघे पोटाशी घेऊन झोपले आहे. बाबा घोट्याच्या वर आलेलं धोतर नेसून संकल्प सांगतात, आणि तसलंच धोतर आणणारा नवा यजमान समोर हात जोडून बसलेला असतो.

मी चिडले की बाबा बनारसी म्हण ऐकवतात, “दान की बछिया के दाँत नहीं देखे जाते.”

मी आजवर दुसरं केलंच काय? छत्रीच्या काडीला टिचकी मारून सांगते, घरची की दानाची.

त्यामुळे पहिल्या दुकानातली सायकल मी लगेच ओळखली. मागचा शॉकर तळव्यानं दाबला तर तो नुसता किंचाळला, दबला नाही. चाक फिरवलं तर डिस्क दर फेरीला एकदा घासत होती. जोडावरचा रंग नखानं निघाला. मग मी ती उचलून पाहिली. आमच्या गल्लीचा शेवटचा टप्पा पायऱ्यांचा आहे. तिथे माणूस सायकलवर बसत नाही, सायकल माणसावर बसते. ही माझ्या कमरेच्या वर येईना.

“गियर बिगड़ा तो ठीक कौन करेगा?” मी विचारलं.

“गियर बदलता कौन है, दीदी? एक पे रखिए, चलाते रहिए.”

“तो बाकी बीस किसलिए?”

“दिखाने के लिए,” तो अगदी निष्पाप चेहऱ्यानं म्हणाला.

दानाचा माल. बाहेरून डोंगर, आतून चौथ्यांदा न उघडणारी छत्री. आणखी दोन दुकानं पाहिली, तिथेही हीच छत्री वेगळ्या रंगात होती.

चौथं दुकान मैदागिनच्या पुढे. मालक पन्नाशी उलटलेला, गालात पान. त्यानं हाक मारली नाही. बोलावत नाही तो जास्त मुरलेला, असं मी मनात टिपून ठेवलं. त्याच्या तोंडात विडा असल्यामुळे तो मान वर करून हुंकारांत उत्तरं देत होता. उत्तरं द्यावी लागू नयेत म्हणूनच हा पान खातो, असंही टिपलं. पण त्याची सायकल वाईट नव्हती. शॉकर फक्त पुढे, आणि तो दाबला की दबत होता, सोडला की वर येत होता. मागे सात गियर, बस. ब्रेक साधे, रबरी गुटक्यांचे, कुठल्याही नाक्यावरचा मिस्त्री बदलून देईल असे. उचलली तर खांद्यापर्यंत आली. मी दोष शोधत होते आणि मला तो सापडत नव्हता.

मग त्यानं मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. शिंपी बघतो तसं. आत गेला आणि तसलीच दुसरी सायकल घेऊन आला. तोच रंग, तीच चाकं, फक्त सांगाडा बुटका.

“हूं,” तिच्याकडे बोट करून तो म्हणाला. म्हणजे, ही घ्या.

“ये तो छोटी है.”

त्यानं मान डोलावली. बोटांनी दाखवलं, पंधरा इंच. पहिली एकोणीस.

“इसका दाम?”

त्यानं एक बोट एका सायकलकडे केलं, एक दुसऱ्या सायकलकडे, आणि दोन्ही बोटं जोडली. सारखीच.

माझ्या डोक्यात घंटा वाजली. किंमत तीच आणि माल कमी! धोतराची घडी उलगडली होती. आत डोकावले तर भिंतीला तसल्याच चार बुटक्या सायकली टेकवलेल्या. उंच ही एकच. खपत नाहीत, म्हणून माझ्या गळ्यात.

“दाम एक, तो माल कम क्यों?” मी आवाज चढवला.

तेव्हा त्यानं एक गोष्ट केली. उठून नाल्याशी गेला आणि नुकताच लावलेला विडा थुंकून आला. बनारसचा माणूस बोलण्यासाठी ताजं पान टाकून देतो, ही साधी गोष्ट नाही. मला तेव्हा एवढंच वाटलं, की बुटक्या सायकली खपवायची याला किती घाई आहे!

“माल कम नहीं है, बिटिया. नाप कम है. तुम्हारी नाप है. डंडे के ऊपर खड़ी होके देखो, दोनों पैर ज़मीन पर...”

“मुझे बच्चों वाली नहीं चाहिए.”

“बच्चों वाली है ही नहीं.”

“तो अपनी बिटिया को दीजिएगा!”

दुकानातलं दुसरं गिऱ्हाईक हसलं. डबी उघडून मालकानं नवा विडा काढला, पण तोंडात घालायच्या आधी म्हणाला, “बड़ी ले जाओ. पछताओ तो लौटा लाना. पर मिट्टी लगने से पहले.”

पायऱ्यांवरून ती वर आणताना माझी दमछाक झाली. दारात आई उभी होती.

“अगं बाई, हिच्यावर चढणार कशी? पाट आणून देऊ?”

“पूर्ण मापाची आहे,” मी म्हटलं.

बाबा बाहेर आले. त्यांनी सायकलभोवती एक प्रदक्षिणा घातली. “छान आहे. यावर बसून विवाहाला जाता येईल. वरमाय होऊन नाही, वर होऊन.”

मी सीट पार खाली बसवली. तरी चढताना शेजारच्यांच्या चबुतऱ्यावर उभं राहावं लागायचं आणि उतरतानाही तोच गाठावा लागायचा. डोंगरी सायकलची हीच पद्धत असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. दुकानदारावर एवढा संशय घेणारी मी, स्वतःच्या समजुतीला एक प्रश्न विचारला नाही.

उलट त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. ‘साइकिल लेने से पहले.’ सात इशारे. पहिले तीन गियरचे, शॉकरचे, डिस्कचे. चौथा इशारा असा: दुकानदारानं त्याच दामात लहान सायकल पुढे केली तर समजा, पडून राहिलेला माल तुमच्या गळ्यात बांधतो आहे. आणि हात शिवशिवला म्हणून पुढे लिहिलं, ‘मैदागिन के आगे एक पान-चबाऊ सज्जन इस कला में माहिर हैं.’ शंभर प्रती काढल्या. कॉलेजच्या फाटकाशी वाटल्या, चहाच्या टपऱ्यांवर चिकटवल्या. लोक म्हणाले, मस्त लिहिलंय. मला आवडलं ते.

सोमवारी सकाळी निघाले. झोळीत कोरे फॉर्म, आणि आधीच्या दोन गावांचे भरलेलेही. त्यांतल्या एका गावात काही घरं राहिली होती आणि जुने फॉर्म दाखवले की नव्या बायका बोलायला तयार होतात. कंदव्यापर्यंत सगळं ठीक. पुढे विटांवर हात बधिर झाले तरी सायकल कुरकुरली नाही. ती चांगलीच होती, एवढं तिच्याबद्दल सांगायलाच हवं.

कालव्याच्या बांधावर समोरून शेळ्या आल्या. मी ब्रेक दाबला. ब्रेकही चांगले. सायकल जागच्या जागी थांबली, मी पाय खाली टाकला आणि पायाला जमीन लागली नाही. मधला दांडा मला जिथे लागला ते लिहीत नाही. शेळ्यांसमोर मी सावकाश कलंडले आणि झोळीसकट कालव्यात गेले. पाणी गुडघाभर होतं. फॉर्मांना तेवढं पुरलं. कागद हातात घेतला की लगदा होत होता. निळे अंगठे नुसते डाग झाले होते.

सायकल ढकलत गावात गेले. कोरड्या हापशाच्या ओट्यावर ती म्हातारी बसली होती, जिनं त्या गावात सगळ्यांत आधी अंगठा दिला होता. तिनं आधी सायकलकडे पाहिलं. सीट तिच्या छातीला लागत होती.

“ई केकर साइकिल हौ?”

“हमार.”

“तोहार त ना लगत हौ.”

मग मी सांगितलं, फॉर्म गेले, पुन्हा अंगठा द्यावा लागेल. तिनं आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. “पहिले वाला कहाँ गयल?”

“पानी में.”

“चला,” ती म्हणाली, “कहीं त पानी रहल.”

ती हसली, पण भोवती जमलेल्या बायका हसल्या नाहीत. एक तरुण बाई पुढे आली, कडेवर मूल. दोनदा अंगठा कशाला? कागद वाहून गेले हे आम्ही कसं मानायचं? जमिनीचं तर काही नाही ना? मी लगदा दाखवला. ती म्हणाली, हा कशाचाही असेल. मला राग यायला हवा होता, पण येईना. पहिला अंगठा कुठे गेला हे नीट न सांगणाऱ्या बाईला दुसरा देऊ नका, असं पत्रक मीच लिहिलं असतं.

शेवटी म्हातारीनं निवाडा केला. “बुध के आवा. सबके सामने लिखा.”

समितीत सांगितलं तेव्हा दीदी एवढंच म्हणाल्या, “बुध को मोटरसाइकिल जाएगी. तुम भी जाओ. औरतों ने उससे नहीं, तुमसे बात की, तो गाँव तुम्हारे. नहीं तो बस.”

मंगळवारी मी सायकल नळाखाली धुतली. जुन्या टूथब्रशनं साखळीची एकेक कडी घासली. ‘मिट्टी लगने से पहले’ असं तो म्हणाला होता आणि मी मातीचा पुरावा नष्ट करत होते. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण केलं ते केलं.

दुकानात काउंटरच्या काचेवर माझं पत्रक चिकटवलेलं होतं. चौथ्या इशाऱ्याखाली लाल रेघ. मालकानं सायकलकडे पाहिलं, वाकून पेडलच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं आणि ते मला दाखवलं. बोटावर कालव्याची माती.

“नहला के लाई हो.”

मी नजर काचेकडे वळवली.

“पान-चबाऊ,” त्यानं काचेवरून वाचलं. “ये अच्छा लिखा. मेरी घरवाली भी यही कहती है.”

“गलती मेरी थी,” मी म्हटलं. मराठीत हे वाक्य माझ्या घशातून सहज निघत नाही. हिंदीत निघालं. मग सगळंच सांगितलं. शेळ्या, कालवा, अंगठे, बुधवार. दानाच्या गादीचंसुद्धा. तो ऐकत होता. मधे एकदा जाऊन त्यानं पान थुंकलं.

“और चार नंबर?”

“सुधार के छाप दूँगी.”

“अभी लिखो.” त्यानं पेन पुढे केलं.

त्या काचेवरच वाकून मी चौथा इशारा खोडला आणि खाली लिहिलं, की मधला दांडा मधे घेऊन पाय जमिनीवर टेकवून उभं राहा, दांडा अंगाला लागला तर ती सायकल तुमची नाही, कितीही चांगली असली तरी. त्यानं वाचलं. ‘पैर’ या शब्दाआधी ‘दोनों’ लिहायला लावलं, आणि नंतर ‘पूरे तलवे’ असंही घालायला लावलं. पत्रक लिहिण्यात तो माझ्यापेक्षा काटेकोर निघाला.

बुटक्या सायकलींतली एक दर्शनी ठेवलेली होती, तिच्यावर ओरखडे होते. वापरलेल्या मोठीच्या बदल्यात ती तो देणार होता. मी दांडा पायांमधे घेऊन उभी राहिले. तळवे जमिनीवर, मधे दोन-तीन बोटं मोकळी. पुरे व्हायला हवं होतं. पण मी खाली बसले आणि चाकं फिरवली, गुटके चाचपले, जोडांवर नख घासलं, शॉकर दाबला. शेवटी वितीनं सांगाडा मोजलाही.

“अब भी शक है?” तो म्हणाला.

“है.”

“अच्छा है. टायर पे भी करो. हवा कम है.”

खरंच कमी होती.

बुधवारी मी उजाडताच निघाले. बांधाच्या अलीकडे मोटरसायकल मला मागे टाकून गेली, धूळ उडवत, हॉर्न वाजवत. मी पोचले तेव्हा तो हापशापाशी गाडीवर बसलेला होता. इंजिन चालू, मांडीवर फॉर्म. बायका लांब, दारांत उभ्या होत्या. त्याच्याजवळ कोणी येत नव्हतं.

मी ब्रेक दाबला आणि पाय टाकला. जमीन होती.

म्हातारीनं माझ्याकडे नाही, सायकलकडे पाहिलं. “ई तोहार लगत हौ,” ती म्हणाली. मग त्याच्याकडे वळून, “ए भइया, मसीनिया बंद करा. कुछ सुनात ना हौ.”

त्यानं गाडी बंद केली. बायका दारांतून निघून माझ्याभोवती आल्या, तेव्हा फॉर्म मला देऊन तो निघून गेला.

म्हातारीनं सगळ्यांसमोर पहिला अंगठा दिला. दुसरी पाळी त्या तरुण बाईची होती. तिनं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं, पण अंगठा पदरातून काढला नाही. म्हणाली, आधी वाच, काय लिहिलंय ते. मी अख्खा फॉर्म मोठ्यानं वाचला, नाव, गाव, हापसा कधीपासून बंद, सगळं. तिनं म्हातारीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“फेर से पढ़ा,” ती म्हणाली.

मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.